तहानलेला भोपळा

आमच्या घरात पलंग नाही. आम्ही नवराबायको खाली गादी टाकून झोपतो, आणि नवा पाहुणा आला की मी त्याला आधी पलंगाची गोष्ट सांगतो, चहाचं नंतर विचारतो. पलंग होता, अस्सल सागवानी, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. बायको चार दिवस माहेरी गेली होती तेवढ्यात मी तो उकलला आणि त्याची एक लांब फळी करवतीखाली घेतली. ती परत आली, पिशवी दारातच ठेवली आणि खोलीत डोकावून म्हणाली, "पलंग कोठे गया?"

मी म्हणालो, "त्याना तंबोरा व्हई ऱ्हायना."

त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते ऐकून मला मनापासून बरं वाटलं, कारण त्याआधी जवळजवळ वर्षभर ती एवढ्या मोठ्यानं कुणाशीच बोलली नव्हती.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून जवळच. मी केळीवाला माणूस. थोडा ऊस, थोडा कापूस, बाकी सगळी केळी. लाकूडकामाचा नाद मला उशिरा लागला. एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं घेतलेली एकतारी आठवड्यात मोडली. मी चिडून ती पुन्हा जोडायला बसलो आणि जोडता जोडता लक्षात आलं की हे आपल्याला येतं. तेव्हापासून दुपारची मोटर चालू करायची आणि गोदामात जाऊन बसायचं, असा माझा नेम झाला. बांबू, करवंटी, छोटा भोपळा, जे मिळेल त्याला मी तार लावली. एकोणीस एकताऱ्या केल्या. गावात ज्यांना गाण्याचा गंधही नाही त्यांच्याही खुंटीला माझी एकतारी टांगलेली आहे. नको म्हणायची सोय नव्हती, कारण माझा राग सगळ्यांना माहीत आहे.

गाणं मात्र माझ्या बायकोचं. गावात दत्ताचं लहानसं देऊळ आहे आणि बायकांचं भजनी मंडळ आहे. दत्तजयंतीला दिवे लागायच्या वेळेला देवाचा जन्म होतो, फुलं उधळतात, आणि मग पाळणा म्हणतात. लग्न होऊन या गावात आल्यापासून तो पाळणा तीच म्हणत आली होती. तिनं पहिली ओळ उचलली की बाकीच्या बायका मागून यायच्या. आम्ही पुरुष मागे उभे राहून टाळ्या वाजवायचो, कारण बायकांची पट्टी आम्हाला झेपायची नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ साधी निघाली, आम्ही देवाला नारळ फोडला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाज बदलू शकतो. तो बदलला. जाडसर झाला, खूप खाली उतरला. फोनवर लोक तिला मलाच समजून बोलायला लागले. पहिल्या एकदोन वेळा आम्ही दोघंही हसलो, नंतर तिनं फोन उचलणं सोडलं.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला ती देवळात सर्वांत मागे बसली. आमचे पेटीमास्तर चांगला माणूस, माझे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी पेटीवर बायकांची नेहमीची पट्टी धरली आणि मागे वळून म्हणाले, "वहिनी, उचला." तिनं तोंड उघडलं. आवाज वर चढेना, मध्येच फाटला. दुसऱ्या एका बाईनं पाळणा सावरून घेतला. घरी येऊन कुलूप उघडताना ती म्हणाली, "माले आते म्हनानं नही."

मी केळीवाला आहे. झाड वाकलं की टेकू लावायचा, एवढंच मला कळतं. मी फोनमध्ये तंबोरा वाजवायची सोय करून आणली. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हाऊ तर थांबतच नही. कोनाकरता वाजी ऱ्हायना त्याले ठावं नही." तिचं म्हणणं मला पटलं. पण एका सकाळी मेथी निवडता निवडता ती स्वतःशी गुणगुणत होती. अगदी खाली, छातीत. मी गोदामातून एकतारी घेऊन धावत आलो आणि तिला न कळू देता तार सैल करत गेलो. तिचा आवाज जिथे आरामात बसत होता ती जागा मला सापडली. नंतर पेटीमास्तरांकडे जाऊन पाहिलं तर ती जागा पेटीवर नव्हतीच. एका काळ्या पट्टीच्या थोडी खाली आणि शेजारच्या पांढऱ्या पट्टीच्या थोडी वर. पेटीनं वर ओढलं की तिचा घसा फाटे, खाली दाबलं की आवाजातला जीव जाई.

तारेला असली अडचण नसते. तार पिळली तिथे सूर. पण माझ्या एकताऱ्या सगळ्या टिणटिण करणाऱ्या. एवढ्या खाली आणल्या की तार नुसती फडफडायची. तिच्या आवाजाला हवा होता मोठ्या पोटाचा, लांब दांडीचा, चार तारांचा तंबोरा. लोक म्हणाले, विकत आण. मी तिला म्हणालो, "येती दत्तजयंतीले पाळना तूच म्हनशी, आनी मन्हा हातना तंबोरावर म्हनशी." मी असं छातीवर हात मारून बोललो की मला स्वतःलाच खरं वाटलं. ती नुसती मान हलवून आत गेली.

तंबोऱ्याचं पोट म्हणजे वाळलेला कडू भोपळा. तो लागतो चांगला घागरीएवढा. मी म्हटलं, भोपळा पिकवायचा म्हणजे आपल्याला काय अवघड! पाणी असलं की हंगाम कसला पाहायचा, ही आम्हा तापीकाठच्या लोकांची खोडच आहे. मी ऐन फेब्रुवारीत केळीच्या बांधाला बिया लावल्या, त्यांना ठिबकची नळी दिली आणि केळीला जी खताची मात्रा सोडतो तीच भोपळ्यालाही सोडली. वेल असा सुटला की बांध दिसेना. चार भोपळे धरले. मी रोज सकाळी त्यांचा घेर सुतळीनं मोजायचो आणि संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचो. मे महिन्यात ते उतरवून काट्यावर ठेवले तेव्हा माझी छाती भोपळ्याएवढीच फुगली होती. वजन ही आमच्याकडे अभिमानाची गोष्ट. घड किती किलोचा, हाच आमचा पहिला प्रश्न असतो.

ते चारही भोपळे मी गोदामात टांगले. पावसाळ्यात तीन सडले. वास असा सुटला की बायकोनं गोदामाकडची खिडकी बंद करून घेतली. चौथा मात्र वाळल्यासारखा दिसला आणि मी त्याच्यावर जीव लावला. शहाद्याच्या एका सुताराकडून शिवणीच्या लाकडाची हलकी फळी आणली आणि तिची तबली केली. तबली म्हणजे भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर बसवायचं झाकण, सूर घुमतो तो तिच्यामुळे. दांडीला जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं आणि ते कुठेच मिळेना. तेव्हा पलंगाकडे माझं लक्ष गेलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दत्तजयंतीला आठ दिवस होते. तंबोरा तयार झाला. दिसायला इतका देखणा की मी त्याला ओसरीवर ठेवून लांबून पाहत बसलो होतो. बायको आढेवेढे घेत समोर बसली. मी तारा पिळत पिळत तिच्या सुरापर्यंत आणल्या. तिनं डोळे मिटले, खांदे खाली सोडले. गाणारं माणूस गाण्याआधी जसं आतून बसतं तशी ती बसली. मी हे वर्षभरानं पाहत होतो. तिनं श्वास घेतला आणि भोपळा कडकन मोडला. तबली आत बसली, तारा लोंबल्या. मोडलेल्या जागी बोट लावलं तर भोपळ्याची भिंत पापडाएवढी पातळ आणि आतून अजून ओलसर होती.

ती हसली असती, रागावली असती तरी चाललं असतं. ती शांतपणे उठली आणि म्हणाली, "राहू द्या. तुम्हना भोपळाले बी नही झेपनं. माले काय झेपी!"

मी बाजूला पडलेली पटाशी उचलून बाहेर केळीत भिरकावली आणि गोदामात जाऊन रडलो. भोपळ्यासाठी नाही. श्वास घेऊन गाण्याच्या उंबऱ्यावर आलेल्या बाईला मी परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पटाशी शोधायला अर्धी सकाळ गेली. त्या वर्षी दत्तजयंतीला ती देवळात गेलीच नाही. संध्याकाळी पाळण्याचा आवाज घरापर्यंत आला तेव्हा तिनं कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली.

त्यानंतर महिन्याभरानं मी केळीच्या कामाला माणसं मिळतात का हे पाहायला डोंगराकडच्या खापर गावच्या बाजाराला गेलो होतो. तिथे चिंचेखाली डोंगरातला एक म्हातारा बसला होता. शेजारी त्याचा तुंबा, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं. एरवी माझं लक्षही गेलं नसतं. पण त्यानं पाणी पिऊन तो खाली दगडावर ठेवला तेव्हा टण्ण असा आवाज आला. माझे पाय तिथेच थांबले. मी न विचारता तुंबा उचलला आणि बोटानं वाजवून पाहिला. लाकूड वाजावं तसा वाजला.

म्हातारा घरी पावरी बोलणारा. माझ्याशी बाजारातल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत बोलला. मी विचारलं, "बाबा, हाऊ तुंबा कितला वरीसना शे?"

"मन्हा पोऱ्या जन्मना त्या सालना," तो म्हणाला. "आते त्या पोऱ्याले पोरं शेत."

मी खाली बसलो आणि त्याला माझी सगळी कहाणी सांगितली. भोपळ्यांची वजनंसुद्धा सांगितली, सवयीनं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पानी दिधं?"

"दिधं ना. रोज. ठिबकवर."

"खत?"

"ते बी दिधं."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, मग त्यानं त्याच तुंब्यातून पाणी प्यायलं आणि पुन्हा हसला. मला राग येऊ लागला होता. एवढ्यात तो म्हणाला, "तुन्हा भोपळाले कधी तीस लागनीच नही. मंग तो कवटी कसाले घट्ट करी?"

तीस म्हणजे तहान. मी बावन्न वर्षांचा, आयुष्य पाण्यात घातलेलं. विहीर, बोअर, नदीवरची पाइपलाइन, ठिबक, सगळं करून बसलेलो. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. त्यानं माझं बोट धरून तुंब्यावर दाबलं आणि नख लावायला सांगितलं. नख उमटेना. "नख उमटनं म्हंजे कच्चा," तो म्हणाला. "वेल मरू दे. देठ मरू दे. हात लावू नको."

मी तो तुंबाच मागितला. त्यानं तो मांडीखाली ओढून घेतला आणि म्हणाला, "मी पानी कसामा पिऊ?" पण पुढच्या बाजाराला त्यानं पळसाच्या पानात गुंडाळून सात बिया आणल्या. मी त्याच्यासाठी केळीचा एक फणा नेला होता. त्यानं एक केळं खाल्लं, बाकीची शेजारच्या बायकांना वाटली आणि बिया कशा लावायच्या ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. मी विसराळू दिसत असणार.

बिया मी पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्याच्या भिंतीशी लावल्या. सातातले पाच वेल निघाले. ते गोठ्याच्या छपरावर चढले आणि पावसाच्या पाण्यावर वाढले. एक भोपळा मोठा धरला. मागच्या चारांपेक्षा लहानच, पण घागरीएवढा नक्कीच. खरी परीक्षा दसऱ्यानंतर सुरू झाली. पाऊस थांबला, ऊन तापायला लागलं. वेलाची पानं दुपारी माना टाकायला लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. गोठ्यापासून चार पावलांवर केळीचं ठिबक टपटपत होतं. ते पाणी चुकूनही पाझरू नये म्हणून मी नळी उचलून पलीकडच्या सरीत टाकली. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय भाऊ, मोटर जळनी का?" ज्याच्या शेतात कधी एक पान सुकलं नाही त्याच्या गोठ्यावर मरायला टेकलेला वेल सगळ्या गावाला दिसत होता. मला रस्त्याकडे तोंड करून बसवेना.

एका सकाळी मात्र माझ्यानं राहवेना. मी लोटा भरला आणि वेलाच्या मुळाशी जाऊन उभा राहिलो. एक लोटाभर पाण्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणालो. मागून आवाज आला, तोच जाड, खालचा आवाज. "ठेवा तो लोटा."

बायको गोठ्याच्या दारात शेणाच्या हातानं उभी होती. मी म्हणालो, "अगं, मरी ऱ्हायना तो."

"मरू द्या. त्याले तीस लागू द्या," ती म्हणाली. आणि पुढे येऊन माझ्या हातातला लोटा घेतला आणि ते पाणी म्हशीच्या घमेल्यात ओतलं.

म्हाताऱ्याचं बोलणं मी तिला एकदाच सांगितलं होतं, जेवताना, आणि ती ताटाकडे पाहत ऐकत होती. ते तिच्या लक्षात राहिलं होतं. पुढे आठ दिवसांनी मी शिडी लावून भोपळा पाहायला चढलो तेव्हा त्याच्या पाठीवर बारीक चंद्रकोरी दिसल्या. नखाच्या खुणा. माझं नख शेतकऱ्याचं, जाड आणि तुटकं, त्याची खूण अशी उमटत नाही. ती रोज मी शेतात गेल्यावर शिडी चढून भोपळ्याला नख लावून पाहत होती. शिडी तिथेच राहू दिली आणि तिची खालची सैल पायरी ठोकून घट्ट केली.

तिसरी दत्तजयंती आली तेव्हा भोपळा अजून छपरावरच होता. आम्ही दोघं देवळात गेलो, ती मागे बसली, गायली नाही. पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर मागच्या वर्षीची उदासी नव्हती. घरी येताना तिनं गोठ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं. जानेवारीत वेल काडी झाला. देठाला हात लावला तर तो स्वतःच तुटला. भोपळा हलवला तर आत बिया खुळखुळल्या. पाठीवरच्या जुन्या चंद्रकोरी होत्या, नवी एकही नव्हती. मी नख लावलं, जोर लावला. नखच दुखलं.

या खेपेला मी घाई केली नाही. माझ्यासारख्या माणसानं असं म्हणणं म्हणजे गावात हसण्याचा विषय, पण खरंच केली नाही. भोपळ्याचं तोंड कापलं, आत खडे आणि पाणी घालून तो हलवला, आतला सुकलेला गर निघेपर्यंत हलवला. दंड भरून आले. मग सावलीत पुन्हा दोन महिने वाळवला. दांडी मात्र तीच पलंगाची, ती मोडली नव्हती. शिवणीची नवी तबली रंध्यानं पातळ करत गेलो आणि प्रत्येक वेळी ती कानाशी धरून बोटानं वाजवत गेलो. सरस लावून जोड चिकटवला की आठवडाभर हात लावायचा नाही, हा नियम मी भिंतीवर खडूनं लिहिला होता. तारा पिळायच्या खुंट्या चार वेळा केल्या. पहिल्या तीन वेळा त्या एकतर आपोआप फिरायच्या किंवा फिरायच्याच नाहीत. त्यातल्या एका संचाच्या वेळी मी कानस फेकली, पण ती गोदामातल्या गोदामातच पडली.

दसऱ्याला तारा चढवल्या. एकदम पिळल्या नाहीत. रोज थोड्या, असं करत दहा दिवसांनी त्या तिच्या सुरावर आल्या. रोज सकाळी उठून पहिलं काम भोपळ्याला कान लावण्याचं. तो गप्प होता. तडा नाही, कुरकुर नाही. शेवटच्या दिवशी मी तार छेडली तेव्हा सूर बरोबर होता पण मुका होता. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक धागा सरकवायचा असतो, तो नेमक्या जागी बसला की तार झंकारते. मी दुकानातला धागा घालून दोन तास झगडलो. बायको शेजारी दिव्याच्या वाती वळत बसली होती. आमच्याच शेतातला कापूस. तिनं बोटांनी एक सूत ओढलं, पीळ दिला आणि माझ्यापुढे धरलं. मी ते तारेखाली घातलं, केसभर पुढे सरकवलं, आणि तंबोरा बोलायला लागला. मधमाश्यांचं मोहोळ गुणगुणावं तसा, सगळ्या ओसरीभर. मी तिला म्हणालो नाही की गा. ती आपणहून गायला लागली. तिच्या त्याच जाड आवाजात, तारेला टेकून, आणि आवाज कुठेही फाटला नाही. मी खाली मान घालून तारा छेडत राहिलो कारण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तंबोरा घेऊन मी बसनं खापरला गेलो, म्हाताऱ्याला दाखवायला. त्यानं तारांकडे पाहिलंही नाही. भोपळ्यावर नख लावलं, टकटक वाजवलं आणि हळहळला. "इतला चांगला तुंबा," तो म्हणाला, "आनी वर लाकूड ठोकी दिधं!"

दत्तजयंतीच्या संध्याकाळी यात्रेतल्या घोडेबाजारासाठी घोडे भरलेल्या गाड्या रस्त्यानं सारंगखेड्याकडे चालल्या होत्या. देऊळ भरलं होतं. घरातून निघताना ती उंबऱ्यात थांबली होती. "मन्हा आवाज मानूससारखा वाटस. बाया हसतीन," ती म्हणाली. मी म्हणालो, "हसू दे. जी हसी तिना घरनी एकतारी मी परत लई येसू." तेव्हा ती हसली आणि चालायला लागली.

ती पुढे बसली, तंबोरा मांडीवर उभा धरून. फुलं उधळली, घंटा वाजली. पेटीमास्तरांनी भाता उघडला आणि विचारलं, "वहिनी, पट्टी कोनती?" तिनं तार छेडली. मास्तरांनी एक काळी पट्टी दाबली, मान हलवली. शेजारची पांढरी दाबली, पुन्हा मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होतो आणि माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते तुम्ही ओळखा. मास्तर शहाणा माणूस. त्यांनी भाता मिटला, पेटीला खटका लावला आणि टाळ हातात घेतले.

तिनं पाळण्याची पहिली ओळ उचलली. बायका सवयीनं वरच्या सुरात शिरल्या, अडखळल्या, थांबल्या. तिनं थांबून पाहिलं नाही, तीच ओळ पुन्हा घेतली. एक बाई खाली उतरली, मग दुसरी, मग सगळ्या. आणि तिसऱ्या ओळीला जे झालं ते माझ्याही हिशेबात नव्हतं. मागे टाळ्या वाजवत उभे असलेले आम्ही पुरुष गायला लागलो. आयुष्यभर ऐकून पाळणा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता, फक्त तो आमच्या गळ्यात मावत नव्हता. आता तो आमच्या सुरात आला होता. ट्रॅक्टरवाले, दुकानदार, काठी टेकून आलेले म्हातारे, पुजारी, सगळे. त्या लहानशा देवळात एवढा आवाज झाला की दारातली कुत्री उठून बाहेर गेली. आणि सगळ्यांच्या खाली, पायासारखा, तिचा आवाज होता. मी गात होतो की ओरडत होतो ते मला माहीत नाही. मास्तर नंतर म्हणाले, ओरडत होतो.

पाळणा संपला. देवाच्या पाळण्याची दोरी ओढायची थांबली. बायका तिच्याभोवती जमल्या, कुणी तंबोऱ्याला हात लावत होतं, कुणी तिच्या गळ्याला. तिनं त्या गर्दीतून मान उंच करून मला शोधलं. कपाळावर घाम, गालाला गुलाल. मला वाटलं आता ती तंबोऱ्याबद्दल काही बोलेल, निदान पलंग माफ केला म्हणेल.

"आवं," ती म्हणाली, "भलती तीस लागनी. पानी आना ना."

मी चपला न घालताच धावलो. देवळामागच्या नळावर लोटा भरला, काठोकाठ, आणि गर्दीतून वाट काढत परत आलो तेव्हा अर्धा माझ्या सदऱ्यावर सांडला होता. उरलेला तिनं एका दमात प्यायला आणि लोटा पुन्हा पुढे केला. मी परत नळाकडे धावलो.